घाटात ऐन चढावर गिअर पडत नाही? लगेच गिअरबॉक्स उतरवू नका

‘अण्णा, गिअर पडंना.’

फोनवर एवढंच ऐकू येतं. मागं हॉर्नचा गोंगाट, कुणीतरी शिवी हासडून पुढं निघालेलं, आणि आमचा पोरगा 55 टनी ट्रेलर घेऊन खंबाटकीच्या निम्म्यावर उभा. मी 19 वर्षं ट्रेलर चालवला. आता सात वर्षं झाली, कळंबोलीच्या एका यार्डात गाड्याही बघतो आणि ड्रायव्हरही. हा फोन मला पाठ झालाय. घाट तेवढा बदलतो: कधी खंबाटकी, कधी कसारा, कधी बोरघाट.

पुढचं नाटकही ठरलेलं. गाडी यार्डात येते, मिस्त्री चावी घेऊन एक चक्कर मारतो आणि सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. मिस्त्री ड्रायव्हरकडं बघतो, ड्रायव्हर जमिनीकडं. ‘चढाला नव्हता पडत, आईशप्पथ.’ पोरगा खोटं बोलत नसतो. एकदा मालकाच्या हट्टापायी बॉक्स उतरवलासुद्धा. दोन दिवस गाडी उभी, मजुरी गेली, आत सगळं ठणठणीत. आठवड्यानं तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच घाट, तोच फोन.

मग मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. कोल्हापूरकडं कॉइल भरून चाललो होतो. शिरवळला चहा झाला, पारगाव खंडाळा गेलं, चढ लागला. मी बोललो काहीच नाही, मोबाईलमधलं घड्याळ चालू केलं आणि त्याच्या डाव्या पायाकडं बघत राहिलो. पाचव्यातून चौथ्यात येताना क्लच दाबल्यापासून सोडेपर्यंत त्याला सव्वाचार सेकंद लागले. रोग तिथंच सापडला. पण हे सव्वाचार सेकंद एवढे महाग का पडतात, ते समजायला थोडा हिशेब करावा लागेल.

आपल्याकडच्या घोड्यांना, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, बहुतेक 9 गिअरचा बॉक्स असतो. एक क्रॉलर, म्हणजे पहिल्याच्याही खालचा सगळ्यात हळू गिअर, आणि वर आठ गिअर. ते आठ म्हणजे खरे चारच, दोनदा वापरलेले. मागं रेंजचा वेगळा भाग असतो, तो हवेवर चालतो. रेंज लो मध्ये असली की पहिला ते चौथा, हाय मध्ये गेली की तेच चार पाचवा ते आठवा होतात. झेडएफ कंपनीच्या ज्या बॉक्सवर माझा हात सगळ्यात जास्त बसलाय, त्याचे आकडे असे: चौथा 3.48, पाचवा 2.54, सहावा 1.81, सातवा 1.34, आठवा 1.00. दोन शेजारच्या गिअरांत साधारण एकतृतीयांशाचं अंतर. म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा 1600 वर असताना वरचा गिअर टाकला की तो 1200 च्या जवळ बसतो, आणि 1200 वर खालचा टाकला की 1600 ला चढतो. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

आता 300 हॉर्सपॉवरचा घोडा, एकूण वजन 55 टन, आणि 5 टक्क्यांचा चढ धरा, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर वर. चढ एकटा पावणेतीन टनांच्या जोरानं गाडी मागं खेचतो, टायरचं घसटणं जवळजवळ अर्धा टन. इंजिनची ताकद हाउसिंगमधून, म्हणजे मागच्या ॲक्सलमधून, चाकापर्यंत येईतो थोडी वाटेत जाते. जी उरते तिच्यावर ही गाडी ताशी 22 किलोमीटरपेक्षा जास्त चढूच शकत नाही. तुम्ही चालवा, मी चालवतो, नाहीतर कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर बसवा. 22.

आणि 22 ला कुठला गिअर लागतो? हाउसिंगचं गिअरिंग आणि टायर यांवर थोडं पुढंमागं होतं, पण आमच्या गाड्यांत पाचवा गिअर 1600 आरपीएमला 23 च्या आसपास पळतो. चौथा त्याच आरपीएमला 17. म्हणजे भरलेली गाडी चढावर जिथं दमते, नेमकी तिथंच पाचवा आणि चौथा यांच्यामधली पायरी येते. अख्ख्या बॉक्समध्ये सगळ्यात किचकट पायरी हीच, कारण इथं नुसता गिअर बदलत नाही, रेंजही बदलते. सातव्यातून सहाव्यात येताना कुणी मला फोन करत नाही. फोन येतो तो पाचव्या-चौथ्याचाच.

वर आणखी एक गोष्ट. त्या चढावर क्लच दाबला की गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी 2 किलोमीटरनं पडतो. सपाटीवर भरल्या ट्रेलरला हे जाणवतही नाही. न्यूट्रलमध्ये पाच सेकंद घोळ घातला तरी चालतो. घाटात पाच सेकंद म्हणजे ताशी 10 किलोमीटर गेले.

आमच्या पोराचंच घ्या. त्यानं काटा 1000 वर येईपर्यंत वाट बघितली, कारण कुणीतरी सांगितलेलं की ‘खालच्या आरपीएमला ओढलं की डिझेल वाचतं’. पाचव्यात 1000 म्हणजे वेग 14. त्यातून सव्वाचार सेकंदांचे आठ-साडेआठ वजा करा. उरला सहाच्याही खाली. सहाच्या वेगाला चौथा गिअर इंजिनला 600 च्याही खाली नेतो. बॉक्स कसा घेईल? घेतला तरी इंजिन धडधडून बंद पडेल. तेव्हा त्याला चौथा नको होता, दुसरा हवा होता. पोरगा चौथ्याच्या खाचेत दांडा दाबत बसला आणि म्हणतो, पडंना.

म्हणून चढावर काटा आरपीएम मीटरवरच्या हिरव्या पट्ट्याच्या तळाशी येईपर्यंत थांबू नका. हिरवा पट्टा सपाट रस्त्यासाठी खरा आहे. चढावर काटा 1400 वरून खाली सरकायला लागला, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला आहे आणि तरी पडतोच आहे, म्हणजे निर्णय झाला. काटा 1300 च्या खाली जायच्या आत खालच्या गिअरात या. दोन सेकंदांत काम उरकलं तर चौथा 1300 ते 1400 च्या मध्ये बसतो आणि गाडी पुन्हा ओढायला लागते. उशीर झालाच तर हट्ट सोडा, एक गिअर टाळून सरळ तिसरा घ्या. पाच-चार-तीन-दोन असं एकेक करत उतरणारा प्रत्येक वेळी दोन-दोन सेकंद हरतो आणि शेवटी उभा राहतो.

हाताचं काम

रेंजची पद्धत गाडीगणिक वेगळी आणि चूकही वेगळी. ज्यात दांड्याच्या मुठीवर बटण असतं, त्यात बटण आधी, क्लच नंतर. पाचव्यात असतानाच बटण खाली करून ठेवायचं. रेंज लगेच बदलत नाही, दांडा न्यूट्रलमधून जाताना बदलते. आमचा पोरगा आधी दांडा काढायचा, मग त्याला बटण आठवायचं, मग पुन्हा दांडा. सव्वाचार सेकंद असे जमले होते.

ज्यात बटण नाही, डबल एच आहे, त्यात लो चे चार डावीकडं आणि हाय चे चार उजवीकडं. पाचव्यातून न्यूट्रलला आला की तळहातानं डावीकडं टोला देऊन टप्पा ओलांडायचा आणि मग मागं ओढायचं. टोला हलका बसला तर दांडा त्याच पट्टीत राहतो. मागं ओढला की चौथ्याऐवजी सहावा हाताला लागतो. चढावर, भरलेल्या गाडीत, सहावा. गाडी गपकन मरते आणि ड्रायव्हरला वाटतं बॉक्स गेला. नवीन ड्रायव्हर दांडा मुठीत गच्च धरून ढकलतो, तिथंच चुकतं. मूठ नको, उघडा तळहात.

पाचव्या-चौथ्याला न्यूट्रलमध्ये असताना क्लच एकदा सोडून ॲक्सिलेटरचा हलका ठोका द्यायचा आणि पुन्हा क्लच, म्हणजे डबल क्लच, ही आमच्या काळची सवय. आताच्या बॉक्सना सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणाऱ्या रिंगा, असतात, त्यामुळं गरज नाही असं पोरं म्हणतात. नव्या गाडीला खरंच नाही. चार-पाच लाख किलोमीटर पळलेल्या गाडीला आहे. अमेरिकेतल्या ट्रेलरच्या 10, 13, 18 गिअरच्या जुन्या पद्धतीच्या बॉक्सना सिंक्रो नसतातच. तिथं एकतर डबल क्लच, नाहीतर आरपीएम जुळवून बिनाक्लचचा गिअर. ती कला आपल्या सिंक्रोवाल्या बॉक्सवर दाखवायला जाऊ नका. रिंगा खाल्ल्या जातात.

आणि तरीही चुकलं, गाडी न्यूट्रलमध्ये, काटा खाली, वेग पाच? शोधाशोध बंद. ब्रेक दाबा, गाडी पूर्ण उभी करा, पार्किंग ब्रेक ओढा, चारी इंडिकेटर लावा. मागं सरकणाऱ्या गाडीत गिअर पकडायचा प्रयत्न कधीच करू नका. ट्रेलर मागं जाताना दुमडतो आणि मग क्रेनशिवाय निघत नाही. उभं राहिल्यावर क्रॉलर. क्लच अर्ध्यावर आणा, घोडा थोडा पुढून उचलल्यासारखा वाटला की पार्किंग सोडा, आणि क्लच पूर्ण सोडून झाल्यावरच ॲक्सिलेटर वाढवा. क्रॉलरमध्ये गाडी चालण्याच्या वेगानं जाते. जाऊ द्या. मागचे हॉर्न वाजवणारे तुमची क्लच प्लेट भरून देणार नाहीत. चाकामागं दगड लावला असेल तर तो उचलून बाजूला टाकल्याशिवाय पुढं निघू नका, रात्री दुचाकीवाला त्यावर जातो.

खरंच बिघाड असेल तर

मी काही प्रत्येक वेळी ड्रायव्हरलाच धरत नाही. यार्डात आधी हे बघतो. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करायचं आणि दोन्ही रेंजचे गिअर टाकून बघायचे. बंद इंजिनवर सगळे पडतात आणि चालू इंजिनवर घासतात, तर दोष क्लचचा: क्लच पूर्ण सुटत नाही. पॅडलचा खेळ, क्लचचं तेल, बूस्टर, या क्रमानं बघा. बॉक्सला हातही लावू नका.

पहिला ते चौथा छान, पाचवा ते आठवा छान, फक्त मधली उडी अडकते, तर हवा. रेंज हवेवर बदलते हे मी वर सांगितलं. घाटात मागंपुढं ब्रेक मारत आलेल्या गाडीची हवा आधीच उतरलेली असते. काटा लाल पट्ट्याजवळ असेल तर रेंज अर्धवट बदलते आणि गाडी ना इकडची ना तिकडची होते. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढत नसाल तर पावसाळ्यात हा त्रास हमखास. आमच्याकडच्या एका गाडीत दोष निघाला तो बोटाएवढ्या हवेच्या नळीत, केबिन उचलताना ती चिमटली जात होती. त्या नळीपायी तीन ड्रायव्हर शिव्या खाऊन गेले, त्यातल्या दोघांना मीच दिल्या होत्या.

एकाच गिअरला करकर, बाकी सगळे ठीक: त्या गिअरची सिंक्रो रिंग. गिअर पडतो पण ॲक्सिलेटर सोडला की सुटून न्यूट्रल होतो: आधी इंजिन-बॉक्सच्या माउंटिंगचे रबर आणि दांड्याचे जोड बघा, मग आतलं. यातलं काहीच नाही, यार्डात सगळं पास, फक्त भरून घाटात होतं? मग वरचं हाताचं काम पुन्हा वाचा.

एक तिसरीच जागा सांगतो, तिथं कुणी बघत नाही. आताच्या कित्येक गाड्यांत डॅशबोर्डवर लोडचा स्विच असतो: लाइट, मीडियम, हेवी. रिकामी येताना डिझेलसाठी कुणीतरी तो लाइटवर टाकतो, आणि पुढच्या फेरीला भरल्यावरही तो तिथंच राहतो. लाइटवर इंजिन पूर्ण ओढ देतच नाही. मग ‘गाडी उचलत नाही, दोन गिअर खाली यावं लागतं’ अशी तक्रार येते, मिस्त्री डिझेल फिल्टर बदलतो, टर्बोचे पाइप बघतो. बोटानं स्विच फिरवायचा होता. डॅशबोर्डवर गिअर सुचवणारा बाण असतो त्याचंही तसंच. सपाटीला तो चांगला सल्ला देतो. पण पुढचं वळण त्याला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

उतारावरचा गिअर

चढावर गिअर चुकला तर गाडी उभी राहते. उतारावर चुकला तर ती थांबत नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय.

आमचे वस्ताद सांगायचे, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. ते गाड्यांची ताकद कमी होती तेव्हाचं. आताचा 300 चा घोडा पाचव्यावर चढतो म्हणून पाचव्यावर उतरलात तर एखादा गिअर कमीच पडेल. चौथ्यावर सुरुवात करा. वेग फार कमी वाटला तर वर जाता येतं. उलटं करता येत नाही, ते का ते बघा. वर दिलेल्याच हिशेबानं, 50 च्या वेगाला पाचवा मागितला तर इंजिनला 3500 आरपीएम फिरावं लागेल. सहाव्याला 2500. दोन्ही लाल पट्ट्याच्या पार. बॉक्स घेणार नाही, आणि घेतला तर इंजिन राहणार नाही. तोपर्यंत तुम्ही जुना गिअर काढलेला असतो. म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये, वेग वाढतोय, हातात फक्त ब्रेक, आणि ब्रेकचे लायनर तापलेले.

चढाला काटा 1300 ते 1600, उताराला मात्र उजवीकडं, 1800 ते 2000-2100. एक्झॉस्ट ब्रेकला, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणाऱ्या ब्रेकला, जोर वरच्या आरपीएमलाच येतो, 1200 वर तो नुसता आवाज करतो. पायाचा ब्रेक सतत दाबून धरायचा नाही: ठाम दाबून वेग ताशी 8-10 नं खाली आणा, सोडा, पुन्हा चढला की पुन्हा दाबा.

न्यूट्रलचं बोलायलाच हवं. साताऱ्याकडून पुण्यात येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. दिसायला घाट वाटत नाही, म्हणून फसवतो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथं एका अवजड गाडीनं डझनावारी गाड्या चिरडत नेल्या. ड्रायव्हरनं उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात सांगितलं गेलं. डिझेल वाचवायला. आता गंमत ऐका. आताच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना उतारावर पाय ॲक्सिलेटरवरून काढला की डिझेल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणून ते डिझेल पितं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा जीव धोक्यात घालून वर जास्त डिझेल जाळतो. हे मी पोरांना डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजच्या आकड्यावर दाखवतो, कारण तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. त्यांच्या वस्तादानं न्यूट्रल शिकवलेलं असतं.

रिकाम्या ट्रेलरला यातलं फारसं काही लागू नाही. तो सातव्यावरसुद्धा खंबाटकी चढतो.

तर तो पोरगा. पुढच्या तीन फेऱ्या मी त्याच्याकडून यार्डातच, गाडी उभी, इंजिन बंद, हवा भरलेली, पाचवा-चौथा, पाचवा-चौथा असं रोज पन्नास वेळा करून घेतलं. त्याला लाज वाटायची, क्लीनर हसायचे. आता तो खंडाळ्याच्या सपाटीलाच सहाव्यात येतो, चढ लागला की पाचवा, आणि काटा 1350 ला टेकला की चौथा. त्याचे दोन सेकंदही लागत नाहीत.

फोन करायचा बंद झाला असं नाही. पण आता फोन आला की मी पहिल्यांदा चारच गोष्टी विचारतो, तुम्हीही मिस्त्रीला फोन करायच्या आधी त्या बघून ठेवा: कुठल्या गिअरातून कुठल्यात येत होतास, क्लच दाबला तेव्हा आरपीएमचा काटा कुठं होता, हवेचा काटा कुठं आहे, आणि लोडचा स्विच कशावर आहे. परवा एकानं तिसऱ्या प्रश्नालाच ‘थांबा अण्णा’ म्हणून फोन ठेवला. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून हवा भरली आणि निघाला.